खार झुर्खचे निळे सरोवर

उलानबातरच्या पूर्वेस, खेंती प्रांतातील त्सेंखेरमंदालपासून वायव्येकडे मातीच्या वाटेने गेले की टेकड्यांच्या कुशीत एक लहानसे पाणी दिसते. सरोवर म्हणावे की तळे, असा प्रश्न पडावा एवढेच ते आहे. पलीकडच्या काठाशी भिडलेला काळपट डोंगर हृदयाच्या आकाराचा, म्हणून त्याचे नाव खार झुर्ख, म्हणजे काळे हृदय. आणि पाण्याचे नाव खोख नूर, निळे सरोवर. उतारांवर लार्चची झाडे आहेत. काठालगत मंगोल खानांचे कोरीव लाकडी चेहरे रांगेने उभे केलेले आहेत. याच जागी ११८९ साली तेमुजिनाला चंगीझ खान ही पदवी मिळाली, असे येणाऱ्याला सांगितले जाते.

आम्हांला येथे ओढून आणले ते मात्र एका ग्रंथाने. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' हा तेराव्या शतकातील ग्रंथ मूळ मंगोल लिपीत टिकला नाही. मिंग काळात चिनी दुभाष्यांना मंगोल शिकविण्यासाठी त्याचे उच्चार चिनी अक्षरांत उतरवून घेतले गेले आणि त्या रूपात तो वाचला. एका राष्ट्राचा आद्य ग्रंथ परक्यांच्या पाठ्यपुस्तकामुळे शिल्लक राहावा, ही गोष्ट आम्हां अध्यापकांना थोडी सुखावणारी आहे! बखरी शिकविताना मिथक आणि वृत्त यांची जी गुंतवळ सोडवावी लागते, तीच येथेही आहे. परंतु ११८९ हे साल या ग्रंथात नाही. त्यातील पहिली कालनोंद १२०१ सालची, कोंबड्याच्या वर्षाची आहे. ११८९ हे साल पुष्कळ नंतरच्या परंपरेतून आलेले आहे, आणि सरोवरकाठी ते इतक्या ठामपणे सांगितले जावे, हे आम्हांला खटकले.

ग्रंथात हे सरोवर दोनदा येते, आणि पहिला उल्लेख राज्याभिषेकाचा नव्हेच. बाप येसुगेई मेल्यावर टोळीने वाऱ्यावर सोडलेले, तायचिउदांच्या कैदेतून निसटलेल्या तेमुजिनाचे कुटुंब येथे येऊन राहिले आणि बिळांतले तर्बागान व रानउंदीर मारून जगले, एवढेच तेथे सांगितलेले आहे. लगेच पुढे त्यांचे आठ घोडे चोरीस जातात आणि शोधाच्या वाटेवर बोओर्चू हा तरुण त्याला मित्र म्हणून लाभतो. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथेत हे उंदीर नसतात. आमच्या मते सरोवराचा खरा इतिहास त्यांच्यापासूनच सुरू होतो.

दुसऱ्या वेळी तेमुजिन जामुखापासून फुटून आपल्या माणसांसह येथे तळ देतो. तेथे आल्तान, खुचार आणि साचा बेकी यांनी एकविचाराने त्याला खान केले. हे तिघेही त्याच्याहून वरचढ कुळीचे : आल्तान हा खुतुला खानाचा मुलगा, खुचार हा येसुगेईच्या थोरल्या भावाचा. तुझ्या आज्ञेबाहेर गेलो तर युद्धकाळी आमची डोकी धुळीत टाक, शांततेच्या काळी बायकामुलांपासून तोडून आम्हांला रानात सोड, अशा आशयाची शपथ त्यांनी घेतली. नव्या खानाने त्यानंतर कारभार नेमला. बाणांचे भाते वाहणारे, सकाळ-संध्याकाळचे खाणेपिणे पाहणारे आचारी, मेंढपाळ, घोडे राखणारे, आणि या सर्वांवर बोओर्चू व जेलमे. पुढे अर्धे जग पादाक्रांत करणाऱ्या सत्तेचे हे पहिले मंत्रिमंडळ एखाद्या मोठ्या वाड्याच्या नोकरवर्गासारखे वाटते, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटते. १२०६ साली ओनोन नदीच्या उगमाशी नऊ शेपट्यांचे पांढरे निशाण उभारून झाली ती सभा वेगळी. तेथेही ग्रंथ त्याला पुन्हा एकदा खान करतो. यामुळे सरोवराकाठी दिलेले 'चंगीझ' हे नाव मागाहून तेथे नेऊन ठेवले असावे, अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. आम्हांलाही ती पटते.

विसाव्या शतकात या आठवणींवर पहारा होता. १९६२ साली चंगीझच्या आठशेव्या जन्मवर्षानिमित्त याच प्रांतात, दादाल येथे स्मारक उभारले गेले. सोव्हिएत रोष ओढवला आणि पक्षाचे एक वरिष्ठ नेते तोमोर-ओचिर यांना पद गमवावे लागले. आजचे कोरीव खान त्या मौनानंतरचे आहेत.

शपथ घेणाऱ्या तिघांनीही पुढे साथ सोडली. आल्तान व खुचार शत्रूला मिळाल्यावर चंगीझने त्यांना निरोप धाडला : खान व्हा म्हणून मी आधी तुम्हांलाच सांगितले होते, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी झालो. साचा बेकीला त्याआधीच देहदंड मिळाला होता. ग्रंथ सांगतो, मरताना आपले शब्द त्याला आठवले आणि त्याने मान पुढे केली.