बंदुकीचे पॉइंट्स वेगळे की फुकट? मिनिएचर वॉरगेममधला जुना वाद नेमका काय आहे?

टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून, फासे टाकत खेळायचा खेळ म्हणजे मिनिएचर वॉरगेम. बुद्धिबळात दोघांकडे सारखीच मोहरी असतात. इथे मात्र एकाकडे शंभर पायदळ सैनिक, तर दुसऱ्याकडे पाच रणगाडे असू शकतात. मग सामना बरोबरीचा कसा करायचा?

पॉइंट्स म्हणजे काय?

आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या पर्सला सारखीच मर्यादा असते. इथेही तसंच. प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंट्समध्ये ठरलेली असते आणि दोघांनी ठरलेल्या मर्यादेत फौज उभारायची. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळात मोठ्या सामन्यासाठी साधारण २,००० पॉइंट्सची मर्यादा असते.

वाद आहे तो ही किंमत किती बारकाईने लावायची याचा.

दोन पद्धती कोणत्या?

२०१७ मध्ये आलेल्या या खेळाच्या आठव्या आवृत्तीत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या.

तपशीलवार पद्धतीत सैनिकाचे वेगळे आणि शस्त्राचे वेगळे पॉइंट्स. सुरुवातीच्या यादीत 'टॅक्टिकल मरीन' हा सैनिक १३ पॉइंट्सचा होता. साध्या बंदुकीसह पाच जणांचे झाले ६५. त्यातल्या एकाच्या हाती रणगाडाभेदी 'लॅसकॅनन' दिली की आणखी २५, म्हणजे एकूण ९०.

साध्या पद्धतीत तुकडीला एकच आकडा, 'पॉवर रेटिंग'. लॅसकॅनन असो वा नसो, आकडा तोच. हिशेब पाच मिनिटांत संपतो, पण फुकट मिळतंय म्हटल्यावर साधी बंदूक कोण घेणार?

पॉइंट्सच नसतील तर?

हाही प्रयोग झाला आहे. २०१५ मध्ये याच कंपनीचा 'एज ऑफ सिग्मार' हा खेळ पॉइंट्सशिवाय आला. एका बाजूचे सैनिक दुसऱ्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त असतील, तर कमी संख्येच्या बाजूला जिंकण्याचा एक सोपा मार्ग निवडता यायचा. पण मोजायची ती फक्त डोकी. महाकाय राक्षसही एक आणि किरकोळ गॉब्लिनही एकच! म्हणजे मोजके राक्षस आणणाराच 'दुबळा' ठरायचा. वर्षभरात, २०१६ मध्ये, 'जनरल्स हँडबुक'मधून पॉइंट्स आले. तेही साधे: अख्ख्या तुकडीची एकच किंमत, शस्त्रं त्यातच.

मग २०२३ मध्ये काय झालं?

'वॉरहॅमर ४०,०००'च्या दहाव्या आवृत्तीत पॉवर रेटिंग गेलं. नाव 'पॉइंट्स'च राहिलं, पण बहुतेक शस्त्रांची वेगळी किंमत काढून टाकण्यात आली. तुकडीही पाच किंवा दहा अशा ठरलेल्या टप्प्यांत घ्यायची.

नव्या खेळाडूंसाठी हे सोपं झालं. जुन्यांची अडचण वेगळी होती. या खेळातले सैनिक सुट्या भागांतून जोडून, रंगवून तयार केले जातात. त्यात पैसे जातात आणि महिनेही. पॉइंट्स वाचवायला ज्यांनी साध्या बंदुका चिकटवल्या होत्या, त्यांना आता तेवढ्याच किमतीत कमकुवत तुकडी मिळू लागली.

तपशीलवार पद्धत जास्त न्याय्य असते का?

तसंही नाही. तीच तोफ अचूक नेमबाजाच्या हाती जास्त मोलाची, कच्च्या नेमबाजाच्या हाती कमी. रणगाडाभेदी शस्त्र समोर रणगाडा असेल तरच कामाचं. कागदावरचा कोणताही आकडा हे सगळं पकडू शकत नाही. शिवाय आकडे जितके जास्त, तितक्या चुकीच्या किमती शोधून फायदा उठवायच्या जागाही जास्त.

साधी पद्धत कुठे जमते?

१९९० मध्ये आलेल्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या प्राचीन युद्धांवरच्या खेळात पॉइंट्स नाहीतच. प्रत्येक फौजेत १२ तुकड्या, बस्स. तिथे हे चालतं, कारण प्रत्येक प्रकारच्या तुकडीचं बळ आणि उणीव नियमांतच बसवली आहे. घोडदळ एका शत्रूवर भारी, तर दुसऱ्यापुढे हतबल.

म्हणजे हिशेब टळत नाही, तो फक्त जागा बदलतो. तपशीलवार पद्धतीत तो खेळाडू करतो. साध्या पद्धतीत तो खेळ बनवणाऱ्याने आधीच करून ठेवावा लागतो. सगळ्या शस्त्रांची किंमत एकच ठेवायची असेल, तर प्रत्येक शस्त्र निवडण्याजोगं असलं पाहिजे. नाहीतर 'फुकट' पर्यायाची किंमत आधीच फौज रंगवून बसलेला खेळाडू मोजतो.