शब्दवेधापासून उष्णवेधापर्यंत

शरयूच्या तीरीं, रात्रीच्या गडद अंधारांत, घडा बुडाल्याचा आवाज ऐकून दशरथानें बाण सोडला, ही कथा आमच्याकडे लहान मुलांसहि ठाऊक असते. हत्ती पाणी पीत असावा असें त्यास वाटलें. बाण लागला तो आंधळ्या आईबापांच्या मुलास. या कथेंतील करुणरसाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे; मृगयेच्या दृष्टीनें मात्र तिचा विचार क्वचितच होतो. दशरथाचा नेम चुकला नव्हता. ओळख चुकली होती. अंधारांत कांहीं तरी आहे हें कळणें आणि तें काय आहे हें कळणें, या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. गेल्या सव्वादोनशें वर्षांत शास्त्रज्ञांनीं उष्णतेच्या साहाय्यानें अंधारांत पाहण्याचीं जीं साधनें निर्माण केलीं, त्यांपैकीं एक आज अमेरिकेंत व युरोपांत सामान्य शिकाऱ्याच्या बंदुकीवर जाऊन बसलें आहे. त्या उष्णतादर्शक दुर्बिणीचा इतिहास पाहतांना हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

या इतिहासाचा आरंभ एका संगीतज्ञाच्या हातून झाला. हॅनोव्हर येथें जन्मलेला विल्यम हर्शेल इंग्लंडांत येऊन बाथ शहरीं ऑर्गन वाजवीत असे; आकाशाच्या वेडानें त्यास ज्योतिषी बनविलें व १७८१ मध्यें त्यानें युरेनस ग्रह शोधून काढला. सूर्याकडे पाहण्यासाठीं रंगीत कांचा वापरतांना त्यास असें आढळलें कीं, कांहीं कांचांतून उजेड थोडा पण ऊब फार येते, तर कांहींतून उलट. तेव्हां १८०० मध्यें त्यानें लोलकानें सूर्यकिरणांचे रंग वेगळे पाडून एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जातां पारा चढत गेला. आणि तांबड्याच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें तो सर्वांत अधिक चढला. ज्यांस आपण आज अवरक्त किरण म्हणतों त्यांचा हा पहिला परिचय होय.

नवें जग सांपडलें, पण तें पाहण्यास डोळा नव्हता. १८२१ मध्यें सीबेक यानें असें दाखविलें कीं, दोन निरनिराळ्या धातूंच्या सांध्यांत उष्णतेचा फरक पडला म्हणजे विद्युत् निर्माण होते. या तत्त्वावर नोबिली व मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञांनीं जें यंत्र सिद्ध केलें, त्यास सुमारें तीस फुटांवरील माणसाच्या अंगाची ऊब कळत असे. मेलोनीचा दुसरा शोधहि तितकाच महत्त्वाचा. साधी कांच ही उष्णतेच्या लांब किरणांस जवळजवळ भिंतीसारखी आहे, परंतु सैंधवाच्या स्फटिकांतून ते सहज पार होतात, असें त्यानें दाखवून दिलें. पुढें १८८० च्या सुमारास लँग्ले या अमेरिकन ज्योतिष्यानें ‘बोलोमीटर’ नांवाचें यंत्र बनविलें. त्यांत प्लॅटिनमची केसासारखी बारीक पट्टी असे. ती किंचित् तापली कीं तिचा विद्युत्‌रोध बदले. सुधारलेल्या बोलोमीटरला पाव मैलावरील गाईची ऊब कळत असे, असें सांगतात. मात्र समोर गाय आहे हें माणसास ठाऊक असे. यंत्रास कळे ती केवळ ऊब.

आपणां सर्वांचीं शरीरें रात्रंदिवस असे किरण बाहेर टाकीत असतात. सदतीस अंश उष्णतेच्या शरीराचे किरण नऊ ते दहा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत प्रबळ असतात, आणि सुदैवानें आपलें वातावरणहि आठ ते चौदा मायक्रोमीटरच्या किरणांस बहुतांशीं वाट देतें. म्हणजे प्रत्येक सजीव हा स्वतःचाच दिवा आहे. चंद्र-चांदण्यांची त्यास गरज नाहीं. हा दिवा पाहणारें भिंग साध्या कांचेचें चालत नाहीं, व सैंधव ओलाव्यानें विरघळतें. येथें जर्मेनियम धातु उपयोगी पडला. मेंडेलीव्हनें १८७१ मध्यें त्याचें भाकीत केलें होतें. १८८६ मध्यें सॅक्सनींत विंक्लर यानें तो प्रत्यक्ष शोधून काढला. आजच्या उष्णतादर्शक दुर्बिणीचें काळसर चकाकणारें भिंग बहुधा याच धातूचें असतें, व तिच्या किंमतीचा बराच भाग तेथेंच खर्ची पडतो.

पुढचा अध्याय युद्धांनीं लिहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनीं ‘व्हॅम्पीर’ नांवाची व अमेरिकनांनीं ‘स्नायपरस्कोप’ नांवाची रात्रदुर्बीण बंदुकीवर चढविली; १९४५ मध्यें ओकिनावा बेटावर अमेरिकन दुर्बीण लढाईंत वापरली गेली. परंतु हीं साधनें उष्णता पाहत नसत. तीं अवरक्त दिव्याचा झोत टाकून परत आलेला प्रकाश पाहत. तसलीच दुर्बीण शत्रूपाशीं असेल तर त्यास हा दिवा मशालीसारखा दिसे. दिव्यावांचून केवळ ऊब पाहण्याच्या कामीं मोठी प्रगति झाली ती इंग्लंडांतील माल्व्हर्न येथें, जेथील संशोधकांनीं १९५९ मध्यें पारा, कॅडमियम व टेल्यूरियम यांचा एक विलक्षण संवेदनशील संयोग प्रसिद्ध केला. त्यास द्रवरूप नायट्रोजनानें उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावें लागे. म्हणून तो रणगाड्यांस व विमानांस परवडला, पायीं हिंडणाऱ्यास नव्हे. १९९१ च्या आखाती युद्धांत वाळूंत दडविलेले इराकी रणगाडे रात्रीं विमानांतून दिसले, कारण वाळू लौकर निवते व लोखंड उशिरां निवतें.

इतक्यांत अमेरिकेंतील हनीवेल कंपनीनें लष्करासाठीं गुप्तपणें एक निराळा मार्ग चोखाळला होता. लँग्लेचाच बोलोमीटर तिनें सूक्ष्म केला, व प्लॅटिनमऐवजीं व्हॅनेडियम ऑक्साइडचा पातळ थर वापरला. हें काम १९९२ मध्यें उजेडांत आलें. आज असे ६४० गुणिले ५१२, म्हणजे सव्वातीन लाखांहून अधिक बोलोमीटर नखाएवढ्या चकतीवर मावतात, व त्यांस थंड ठेवण्याची गरज पडत नाहीं. शिकाऱ्याच्या हातीं दुर्बीण आली ती यामुळें.

तिचें मुख्य गिऱ्हाईक कोण? टेक्सास प्रांतांत स्पॅनिश लोकांनीं सोळाव्या शतकांत आणलेल्या डुकरांची रानटी झालेली प्रजा एका रात्रींत शेतें उकरून टाकते, आणि दिवसां बंदुकीचा धाक बसला म्हणजे तीं जनावरें निशाचर होतात. तेथें त्यांची शिकार बारमाही खुली आहे. जर्मनींत रात्रदुर्बिणीवर पूर्वीं कडक बंदी होती. परंतु रानडुकरांची संख्या व त्यांच्यांतून पसरणारा आफ्रिकन ताप यांच्या भीतीनें २०२० मध्यें शस्त्रांचा कायदा शिथिल होऊन, परवानाधारक शिकाऱ्यांस दिवसाच्या दुर्बिणीस जोडावयाचीं उपकरणें मोकळीं झालीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तो रोग जर्मनींतील रानडुकरांत प्रथम आढळला.

आतां निवडीविषयीं. दुकानदार अंतराचा आंकडा पुढें करतो: अमुक हजार मीटरवरील जनावर दिसतें! हा आंकडा खोटा नसतो. परंतु तो दशरथाचा आंकडा आहे. १९५८ मध्यें जॉन जॉन्सन या अमेरिकन लष्करी संशोधकानें या प्रश्नास मोजमाप दिलें. त्याचा हिशेब आजच्या भाषेंत असा कीं, चित्रांत लक्ष्याच्या उंचीवर दोन टिंबें पडलीं तर कांहीं तरी आहे हें कळतें. आठ पडलीं तर जात ओळखतां येते. निश्चित ओळख पटावयास तेरा लागतात. आणि इतक्यानेंहि पाहणारा दहांपैकीं पांच वेळांच बरोबर ठरतो. बारा मायक्रोमीटरचें टिंब व पस्तीस मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग घेतलें, तर शंभर मीटरवर एक टिंब साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतें. म्हणून सत्तर सेंटिमीटर उंचीचें डुकर हजार मीटरवर ‘दिसेल’, अडीचशेंवर त्याची जात कळेल, व खात्री दीडशेंच्या आंतच पटेल. अंकांनीं केलेली वाढ हीं टिंबें मोठीं करते, त्यांची संख्या वाढवीत नाहीं. सबब निवड करावयाची ती भिंगाच्या नाभ्यंतराकडे व टिंबाच्या आकाराकडे पाहून, आणि चित्र सेकंदांत किती वेळां बदलतें हें पाहून. नऊ वेळां बदलणारें यंत्र स्वस्त असतें, पण धांवतें जनावर त्यांत अडखळत चालतें. पन्नास वेळां बदलणारें बरें.

वापरांतहि तेंच सूत्र आहे. नेम जुळवून घेण्यासाठीं कागदी लक्ष्य निरुपयोगी, कारण कागद व मागचा बांध एकाच उष्णतेचे असतात. लक्ष्याच्या मध्यभागीं कांहीं ऊबदार वस्तु लावावी लागते. दाट धुकें व पाऊस चित्र पुसट करतात. सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमारास भूमि, दगड आणि झाडें यांची उष्णता सारखी होऊन सर्वच सपाट दिसतें. उन्हानें तापलेला धोंडा सांजवेळीं निजलेल्या जनावरासारखा चकाकतो. खिडकीच्या कांचेपलीकडचें कांहींच दिसत नाहीं. अंतराचा अंदाज हरपतो, आणि लक्ष्याच्या मागें रस्ता आहे कीं टेकडी हें पुष्कळदां कळत नाहीं. म्हणून जाणते शिकारी जागा दिवसां पाहून ठेवतात, आणि शोधासाठीं हातांत धरावयाचें वेगळें दर्शक वापरतात. बंदुकीवरील दुर्बिणीनेंच शोध घ्यावयाचा म्हणजे दिसेल त्या प्रत्येक उबेवर, मग ती शेजाऱ्याच्या वासराची असो कीं शेजाऱ्याची स्वतःची असो, नळी रोखणें होय.

आमच्या देशांत १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद झाली; पिकांचा नाश करणाऱ्या रानडुकरासहि अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेवांचून मारतां येत नाहीं. तथापि हेंच उष्णतेचें नेत्र येथें दुसऱ्या कामीं आले आहेत: २०२४ मध्यें बहराइच जिल्ह्यांत माणसांवर हल्ले करणाऱ्या लांडग्यांचा माग वनखात्यानें ड्रोनवरील अशाच कॅमेऱ्यांनीं काढला. आणि जर्मनींत, जेथें शिकारी याच साधनानें डुकरें मारतात, तेथेंच वसंतांत गवत कापण्यापूर्वीं पहांटेच्या थंडींत ड्रोन फिरवून गवतांत दडलेलीं हरणाचीं पाडसें यंत्राच्या पात्यांपासून वांचविलीं जातात.

अनादि कालापासून रात्र ही जनावरांची ढाल होती. ती आतां गळून पडली आहे, आणि तिच्या जागीं दुसरी कोणतीहि ढाल निसर्गानें दिलेली नाहीं. राहिली आहे ती शिकाऱ्याची सबुरी. हर्शेलच्या पाऱ्यापासून आजच्या चकतीपर्यंत यंत्रानें उबेचा ठाव इतका अचूक लावला कीं दशरथास हेवा वाटावा. परंतु ती ऊब कोणाची, याचें उत्तर जोंपर्यंत डोळ्यांस निश्चित मिळत नाहीं, तोंपर्यंत बोट चापावर जातां कामा नये. हा नियम यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं, एवढेंच आमचें सांगणें.