मिरजेचा फलाट आणि मोटारीचा प्लग

आजचा विषय विजेच्या मोटारीची केबल आणि ती जिथे खुपसायची ते तोंड, हा आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यावर काय बोलावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण आम्ही सुरुवात मिरजेच्या फलाटावरून करणार आहोत. हा प्रश्न कोल्हापूरकरांना शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तेव्हा तो रुळांचा होता, एवढाच फरक.

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग झाला तो करवीर दरबारच्या पैशातून. १८८८ मध्ये कामाचा मुहूर्त शाहू महाराजांच्या हातून झाला, तेव्हा ते चौदाव्या वर्षात होते. १८९१ मध्ये गाडी धावू लागली. रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मिरजेहून पुण्यापर्यंत सदर्न मराठा रेल्वेचा मार्गही तसलाच. पण पुण्याहून मुंबईला जाणारी जी. आय. पी. रेल्वे ब्रॉड गेज, पाच फूट सहा इंचांची. डलहौसीच्या काळात रुंद रूळ ठरले आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्च वाचावा म्हणून अरुंद रूळ निवडले. दोन्ही निर्णय आपापल्या फाइलीत अगदी शहाणपणाचे होते हो! त्या दोन शहाणपणांची गाठ पुण्यात पडली, आणि तिथे माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जायचा तो हमालाच्या पाठीवरून. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला. म्हणजे अडचण संपली का? छे. ती पुण्याहून उठून मिरजेला आली. बेळगावकडची गाडी अजून मीटर गेजवर, पंढरपूरकडची बार्शी लाइटची त्याहून लहान, अडीच फुटी. एका स्टेशनात तीन मापांचे रूळ! मिरजेचे लोक हे कौतुकाने सांगत. ट्रंक डोक्यावर घेऊन एका गाडीतून दुसरीकडे पळणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यात कौतुक दिसत नसे.

आता थोडे शास्त्र. आमच्या न्याय-वैशेषिकांनी दोन वस्तूंच्या जोडणीचे दोन प्रकार मानले. दोरे आणि कापड यांचा समवाय. तो तोडला की कापडच उरत नाही. दुसरा संयोग. पक्षी फांदीवर बसतो, उडून जातो; पक्षीही राहतो, फांदीही राहते. संयोग हा गुण एका वस्तूत राहत नाही, तो एकाच वेळी दोघांत राहतो, असे ते म्हणतात. आणि त्याच्या जोडीला लगेच विभाग नावाचा गुण सांगतात, म्हणजे सुटणे. प्लग हा शुद्ध संयोग आहे. त्याची सोय केबलमध्ये नसते आणि गाडीच्या तोंडातही नसते. म्हणून कुणा एका कारखानदाराने कितीही सुबक प्लग केला तरी सोय पुरी होत नाही. समोरच्याने ते तोंड मान्य करावे लागते.

घरातला पंधरा अँपिअरचा प्लग बघा. त्याची वरची, अर्थिंगची पिन जाड आणि लांब का? खुपसताना जमिनीची जोडणी आधी व्हावी, उपसताना ती शेवटी सुटावी. संयोग आणि विभाग दोन्हींचा क्रम त्या पितळेच्या लांबीत लिहिलेला आहे. हे ब्रिटिश वळणाचे माप आपण भारतीय मानकात घेतले, आणि म्हणून गारगोटीत घेतलेली इस्त्री गडहिंग्लजमध्ये चालते. विजेच्या मोटारीच्या प्लगमध्येही हीच युक्ती आहे, फक्त एक पायरी पुढे. त्यात प्रवाहाच्या पिनांखेरीज निरोपाच्या बारीक पिना असतात. अर्थिंग आधी लागते, निरोपाची पिन सगळ्यात शेवटी. गाडी आणि चार्जर यांचे बोलणे झाल्याशिवाय प्रवाह सुरूच होत नाही, आणि उपसू लागलात की निरोपाची पिन आधी सुटते, प्रवाह थांबतो. कोल्हापूरच्या पावसात बंदूक हातात धरायची भीती वाटते असे पुष्कळजण म्हणतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की जोडणी होईपर्यंत त्या बंदुकीच्या तोंडाशी वीज नसते.

पण सोयीचा इतिहास सरळ नाही. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ईव्ही-१ ही मोटार आणली, तिच्या चार्जरला प्लगच नव्हता. हातपंख्यासारखा एक चपटा पॅडल गाडीच्या फटीत सरकवायचा. वीज चुंबकीय क्षेत्रातून आत जायची. उघडा धातू कुठेच नाही, जोर लावणे नाही. म्हाताऱ्या माणसालाही जमावे असे ते साधन होते. फोर्ड, होंडा मात्र धातूला धातू भिडवणारे प्लग वापरत होते. एकाच शहरात दोन जातींचे चार्जर उभे राहिले. शेवटी २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाने धातूच्या प्लगच्या बाजूने कौल दिला आणि पॅडल अडगळीत गेला. हाताला सोपा होता तो हरला, कारण समोरचे तोंड त्याला मिळाले नाही.

युरोपात जर्मनीच्या मेनेकेसचा सात पिनांचा प्लग एका बाजूला, आणि फ्रान्स-इटलीच्या कंपन्यांचा दुसरा. या दुसऱ्यांचे म्हणणे, पिनांवर झडप हवी, लहान मुले बोटे घालतात. मुद्दा खोटा नव्हता. पण २०१४ मध्ये युरोपीय संघाने जर्मन प्लग, ज्याला आज टाइप-२ म्हणतात, तोच ठरवला. त्याच्याच खाली दोन जाड पिना जोडल्या की झाला सीसीएस-२. घरची सावकाश वीज आणि रस्त्यावरची झपाट्याची वीज एकाच तोंडातून. अमेरिकेत टेस्लाचा प्लग या सगळ्यांहून सडपातळ आणि हाताला हलका. २०१२ पासून तो होता, पण टेस्लापुरताच. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांनी तो इतरांसाठी खुला केला, पुढच्या मे महिन्यात फोर्डने तो घेतला, आणि मग बाकीच्यांची रांग लागली. दहा वर्षे प्लग तोच होता. बदलले ते समोरचे तोंड.

आपल्याकडे काय झाले? २०१७ मध्ये सरकारने भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१ ही मानके काढली. डीसी-००१ चा चार्जर पंधरा किलोवॅटचा, ४८ आणि ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी, आणि त्याला तोंड चिनी पद्धतीचे. सरकारी खात्यांसाठी घेतलेल्या टिगोर आणि ई-व्हेरिटो त्यावर चालत. त्या वेळच्या स्वस्त गाड्यांना तो निर्णय शोभतच होता. आम्हाला इथे लॉर्ड मेयो आठवतात. कारण २०१९ मध्ये कोना आली, २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आणि झेडएस ईव्ही आल्या, सगळ्या वरच्या व्होल्टच्या, सगळ्यांना सीसीएस-२. ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या डिसेंबरात सांगितले होते की सार्वजनिक चार्जिंग स्टेशनात पाचही प्रकार ठेवा: सीसीएस, जपानी चाडेमो, टाइप-२ आणि दोन्ही भारत चार्जर. म्हणजे मिरजच की! पाच जातींचे रूळ एका फलाटावर, आणि खर्च स्टेशन काढणाऱ्याच्या माथी. वर्षभरात, २०१९ च्या ऑक्टोबरात, ती सक्ती सोडून दिली. ज्याला जे परवडते ते त्याने लावावे. बाजाराने सीसीएस-२ निवडले आणि आधीचे चार्जर मागे पडले. त्यासाठी खर्ची पडलेला पैसा तुमच्याआमच्या करातलाही होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

दुचाकींची गोष्ट कोल्हापूरकरांना जास्त जवळची, कारण इथला रस्ता दुचाकींचा आहे. एथर कंपनीने २०२१ मध्ये आपल्या प्लगचा आराखडा इतर कारखानदारांना खुला केला. हिरोच्या विडाने तो घेतला. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्यावरून हलक्या वाहनांसाठी मानक काढले, घरची आणि झपाट्याची अशी दोन्ही वीज एका तोंडातून घेणारे. इथे आधी प्लग, मग सोबती, मग मानक असा क्रम झाला. पण मानक निघाले म्हणजे सगळ्यांनी घेतले असे नाही. आजही एका घरात दोन कंपन्यांच्या दोन स्कूटर असतील तर दोन चार्जर भिंतीवर लटकलेले दिसतात.

आमच्या उद्यमनगरला यात नवल वाटू नये. व्हिटवर्थने इंग्लंडात १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एक माप सुचवले. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. तरी फौंड्रीतला मिस्त्री अजून 'चार सुती बोल्ट दे' म्हणतो, आणि दुकानदार अर्ध्या इंचाचा काढून देतो.

आता हाताबद्दल, कारण एवढ्या मानकांत हात कुठे राहिला हे विचारायलाच हवे. पन्नास किलोवॅटचा चार्जर म्हणजे चारशे व्होल्टला सव्वाशे अँपिअर. प्रवाह दुप्पट केला की तारेतली उष्णता चौपट होते, म्हणून तांबे जाड, म्हणून केबल जड. मोठ्या चार्जरांत केबलमधून थंड द्रव फिरवतात, तो त्यावरचा उपाय. त्याने तार बारीक ठेवता येते. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे मुलाच्या गाडीतून पुण्याहून येत होतो. हायवेवरच्या एका स्टेशनात मुलगा चहा आणायला गेला आणि आमच्या मंडळींनी, ज्यांच्या मनगटाला संधिवात आहे, बंदूक उचलून पाहिली. उचलली गेली, पण बसेना. केबल वळसा घेऊन ताठ झाली होती, कारण गाडीचे तोंड मागच्या कुशीला आणि चार्जर पुढच्या बाजूला. कुणा गाडीचे तोंड नाकात, कुणाचे कुशीत. त्यावर कुठल्याच दोन कारखानदारांचे एकमत नाही, आणि केबल मात्र एकाच लांबीची. मुलाने येऊन गाडी उलटी लावली तेव्हा काम झाले. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने त्या उंच ओट्यावरच्या चार्जरपर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला दिसला नाही.

ब्रिटनमध्ये तो पडला. २०२२ मध्ये तिथल्या मानक संस्थेने, अपंगांसाठी काम करणाऱ्या मोटॅबिलिटीच्या साथीने, पीएएस १८९९ हा दस्तऐवज काढला. चार्जरची उंची, समोरची मोकळी जागा, ओट्याची कड, केबल हाताळायला लागणारा जोर, असल्या गोष्टी त्यात आहेत. तो सक्तीचा नाही.

इथे मात्र आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक वाड्याच्या पुढच्या खिडकीतून पंधरा अँपिअरची तार काढून गाडी लावतात. तीस युनिटची बॅटरी, साडेतीन किलोवॅटच्या आतली वीज, म्हणजे रात्रभराचे काम. इस्त्री प्रवाह दहा मिनिटे ओढते. हा रात्रभर ओढतो. त्यांच्या भिंतीतली वायरिंग चाळीस वर्षांपूर्वीची. आम्ही त्यांना सॉकेटला हात लावून बघायला सांगितले. पहाटे उठून त्यांनी बघितला, आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले.