'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल'

'अपवाद नियम सिद्ध करतो' अशा अर्थाचा हा इंग्रजी वाक्प्रयोग सर्रास चुकीचा वापरला जातो. नियमाविरुद्ध उदाहरण सापडले, तर नियम पक्का होत नाही, ढासळतो. त्याचा मूळ अर्थ वेगळा आहे. इ.स.पू. ५६मध्ये, रोमच्या नागरिकत्वावरून खटला झालेल्या बाल्बसचा बचाव करताना रोमन वक्ता सिसेरोने केलेला युक्तिवाद असा : काही जमातींशी झालेल्या तहांत, त्यांच्यापैकी कोणालाही रोमचे नागरिकत्व देऊ नये, असे कलम होते, अर्थात जिथे ते कलम नाही, तिथे नागरिकत्व देता येते. 'रविवारी वाहने लावण्यास परवानगी' ही पाटीही हेच सांगते, की इतर दिवशी मनाई आहे. अपवाद असा मुद्दाम नमूद केलेला असेल, तरच हा प्रयोग करावा. निव्वळ विसंगत उदाहरणासाठी 'हा अपवाद' एवढे म्हणणे पुरे.