सुईला न दिसणारा दोष

नाशिकच्या साउंडच्या धंद्याचा इतिहास ढोलापासून सुरू करावा, असं बहुतेकांना वाटेल. मी तो नाशिकरोडपासून सुरू करतो. तिथल्या मोटवाने कंपनीचं मल्टिमीटर आमच्यातल्या जुन्या माणसांच्या पिशवीत असायचं. काचेखाली थरथरणारी सुई, लाल-काळ्या दोन वायरी आणि रात्री दोन वाजता बंद पडलेला अॅम्प्लिफायर. ज्ञानचंद मोटवाने यांनी 1909 साली सिंधमध्ये सुरू केलेला हा व्यवसाय पुढे मुंबईत आला. 'शिकागो रेडिओ' या नावाचे त्यांचे लाउडस्पीकर काँग्रेसच्या अधिवेशनांत, गांधीजींच्या सभांत लागले. 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानक मोटवानेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. त्याच घराण्याची कंपनी आमच्या नाशिकरोडला मीटर बनवते याचा मला अभिमान आहे. आवाज दूर नेणाऱ्यांनीच तो कुठे अडला हे शोधायचं हत्यारही आमच्या हाती दिलं.

माझ्या वडिलांचा, दादांचा, पंचवटीत भाड्यानं कर्णे आणि माईक देण्याचा धंदा होता. दुरुस्तीही तेच करत. त्यांची पद्धत ठरलेली. आवाज येत नाही म्हटल्यावर सगळी वायर चाचपत बसायचं नाही. माईकपासून कर्ण्यापर्यंतच्या रस्त्यात बरोबर मध्ये मीटर लावायचं. इथपर्यंत ठीक आहे? मग दोष पुढच्या अर्ध्यात. पुन्हा त्याच्या मध्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते अॅम्प्लिफायरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचं. त्यांच्या काळातले दोष असे सापडत, कारण ते कुठेतरी एका जागी असत: तुटलेली तार, सुटलेलं सोल्डर, जळलेला कॉइल, ढिली अर्थिंग. हुम, खरखर, शिट्टी या प्रत्येक आवाजाचं कारण कानाला पाठ असे.

एक दोष मात्र तेव्हाही जागेत नव्हता, वेळेत होता. तो गोदाघाटावर भेटायचा. सिंहस्थात घाटाच्या कडेनं ओळीनं कर्णे लागतात. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरचा कर्णा जवळच्या कर्ण्यापेक्षा जवळपास 0.3 सेकंद मागाहून बोलतो. हरवलेल्या माणसाचं नाव एकाच वेळी दोनदा-तीनदा ऐकू येतं आणि एकदाही कळत नाही. सगळे कर्णे चालू, मीटर सांगणार सगळं उत्तम, आणि तरी ऐकणारा 'काय म्हणाले?' असं विचारणार. यावर दादांचा उपाय म्हणजे कर्णे जास्त लावायचे, आवाज कमी ठेवायचा आणि तोंडं एकाच दिशेला करायची. आज डिजिटल प्रोसेसरमध्ये मुख्य स्पीकरपासून लांब, ऐकणाऱ्याजवळ लावलेल्या स्पीकरला मुद्दाम उशीर देतात: 34 मीटरला सुमारे 100 मिलिसेकंद. तेव्हा कुठे दोन्ही आवाज कानाला एकत्र येतात.

आणि आता ढोल. गणेश विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघून मेन रोडवरून पुढे सरकते, तेव्हा मोठ्या पथकात पुढच्या ताशापासून शेवटची रांग सहज सतरा मीटर मागे असते. तिथं ताशा 50 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागचा वादक नुसत्या कानावर विसंबला तर त्याचा ठोका घसरलाच. म्हणून तो पुढच्याच्या हाताकडे, वर उचललेल्या टिपरूकडे बघून वाजवतो. शिवाय हा उशीर मिरवणूकभर साधारण तेवढाच राहतो. लहानशा, ठरावीक उशिराशी माणसाचं अंग बऱ्याच अंशी जुळवून घेतं. कमीजास्त होणाऱ्या उशिराशी जुळवून घेणं त्याहून फार अवघड. 

कॅसेटच्या जोडडेकवर हळदीची गाणी वाजली, मग सीडी आल्या. त्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खरा बदल लॅपटॉपनं केला. व्हर्च्युअल डीजे 2003 साली आलं, सेराटोचं स्क्रॅच लाइव्ह 2004 साली, आणि काही वर्षांतच लग्नसराईत टेम्पोवर लॅपटॉप दिसू लागले. गाण्यांच्या पेट्या गेल्या, सगळं हार्ड डिस्कवर आलं. त्याचबरोबर आमच्याकडे येणारी तक्रारही बदलली. "काका, लॅपटॉप कट मारतोय." किंवा, "जॉगव्हील फिरवलं की गाणं मागाहून फिरतं."

दुसरी तक्रार सोपी. संगणक आवाज थेट स्पीकरला देत नाही, आधी थोडा साठा करतो. त्याला बफर म्हणतात, गच्चीवरच्या टाकीसारखा. 44,100 हर्ट्झला बफर 1024 नमुन्यांचा ठेवला तर 23 मिलिसेकंद उशीर, 512 ला 11.6, 256 ला 5.8. शिवाय विंडोजचा स्वतःचा मिक्सर मध्ये आला की त्यात भर पडते. ती वाट टाळायला जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीनं 1990च्या दशकात एसिओ ही पद्धत आणली. लॅपटॉपला जोडलेल्या डीजे कंट्रोलरचा खरा एसिओ ड्रायव्हर टाकला, बफर उतरवला, की हात आणि आवाज एकत्र येतात.

पहिली तक्रार मात्र चिवट. मखमलाबादच्या एका मुलाचा लॅपटॉप घरी तासन् तास सुरळीत चाले आणि गिरणाऱ्याच्या हळदीत टेम्पोवर चढला की दर थोड्या वेळानं 'टक्' करून कटे. त्यानं रॅम वाढवली होती, विंडोज नव्यानं टाकलं होतं, नवी केबल आणली होती. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर वीस टक्क्यांच्या वर जात नव्हता. सगळे म्हणत, मशीन कमी पडतंय. ते कमी पडत नव्हतं. विंडोजमध्ये प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर तातडीच्या कामासाठी प्रोसेसर क्षणभर स्वतःकडे घेतो. त्यानं वेळेत सोडला नाही तर आवाजाचं काम दारात ताटकळतं, टाकी रिकामी होते आणि टक् ऐकू येतं. प्रोसेसरच्या सरासरीत हा क्षण कधीच दिसत नाही.

ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवून ठेवतात ते मोजणारा लॅटन्सीमॉन हा छोटा प्रोग्रॅम मी चालवला. चार्जर लावलेला, दुकानाच्या वायफायला जोडलेला, पट्ट्या हिरव्या, आकडे काहीशे मायक्रोसेकंदांत. दोष दुकानात आणायचा तर टेम्पोची परिस्थिती दुकानात उभी करावी लागते, म्हणून चार्जर काढला आणि वायफायचा संबंध तोडला. मिनिटाच्या आत पट्टी लाल झाली आणि आकडा पाच हजारांच्या पुढे गेला, म्हणजे पाच मिलिसेकंदांहून जास्त. नावं दिसली ती नेटवर्कची फाइल आणि वायफायचा ड्रायव्हर. घरी तो ओळखीच्या नेटवर्कला जोडून शांत बसे. गिरणाऱ्याच्या मळ्यात नेटवर्क शोधत राही, आणि प्रत्येक शोधात आवाजाला थांबवी. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय बंद केलं. मोठे उंचवटे गेले, लहान राहिले. ते बॅटरीची पातळी विचारणाऱ्या एसीपीआय ड्रायव्हरचे होते. तेही कार्यक्रमापुरतं बंद केलं. त्यामुळे बॅटरीचा आकडा दिसत नाही, हे त्याला बजावून सांगितलं. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स', यूएसबीची झोप बंद, कंट्रोलर हबमधून काढून थेट पोर्टला. एकेक करून, प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजून.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची दादांची रीत इथंही लागू पडली. फरक एवढाच की तारा नाही, ड्रायव्हर तपासत जायचं.

या धंद्यावर लोकांचा राग आहे, आणि मोठ्या आवाजाबद्दलचा राग मला मान्य आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री 45 ची, आणि सणांची मोजकी सूट सोडली तर रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. 2018 साली विसर्जनाच्या तोंडावर डीजेवरची बंदी उठवायला उच्च न्यायालयानं नकार दिला, तेव्हा अनेक पोरांची बुकिंगं बुडाली. त्यांचं दुःख मी जवळून पाहिलं. पण भिंतीएवढे बेस लावून कुणाच्या छातीत धडधड करण्याला मी कसब म्हणणार नाही. उशीर मोजून काढणं, दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, कमी आवाजात स्वच्छ ऐकवणं याला कसब लागतं, आणि नाशिकच्या पोरांत ते आहे. शिकायला मात्र त्यांना दुकानाशिवाय जागा नाही.

म्हणून मी आता प्रत्येक लॅपटॉपच्या तळाला चिकटपट्टी लावून तीवर लिहितो: कोणता ड्रायव्हर बंद केला, बफर किती, सर्वांत मोठा उंचवटा किती मायक्रोसेकंदांचा, तारीख. विंडोजचं अपडेट आलं की बंद केलेली गोष्ट कधी पुन्हा चालू होते, कधी नवा ड्रायव्हर जुन्याच्या जागी बसतो. मखमलाबादचा मुलगा कार्यक्रमाआधी टेम्पोवरच, जनरेटर चालू असताना, दहा मिनिटं लॅटन्सीमॉन चालवतो आणि आकडा पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघतो. मागच्या लग्नसराईत त्यानं आणखी दोघांचे लॅपटॉप स्वतःच बसून नीट केले, माझ्याकडे न आणता.