टपालावरील बारकोड : चेन्नईचे यांत्रिक वर्गवारी केंद्र आणि व्यावसायिक टपालाचा माग

बँकेचे चेकबुक, विमा पॉलिसी किंवा वकिलाची नोटीस टपालाने निघाली की ती कोठपर्यंत पोहोचली, याची नोंद पाकिटावरील बारकोडच्या आधारे ठेवली जाते. टपालाच्या व्यवस्थेत दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पत्र कोठे जायचे आहे, हा वर्गवारीचा प्रश्न. आणि हे पत्र नेमके कोणते, हा मागोव्याचा. भारतात पहिल्याचे उत्तर पिनकोड देतो, तर दुसऱ्याचे बारकोड.

पिनकोड आणि यंत्र

सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान होते. चेन्नईतील राजाजी सालईवरील मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ६००००१ आहे. यातील पहिला ६ हा अंक तामिळनाडू व केरळचा समावेश असलेला विभाग दाखवतो, पहिले तीन अंक वर्गवारी जिल्हा, तर शेवटचे तीन वितरण करणारे टपाल कार्यालय दर्शवतात.

या अंकांमुळे यांत्रिक वर्गवारीचा मार्ग मोकळा झाला. टपाल खात्याचे पहिले स्वयंचलित टपाल प्रक्रिया केंद्र १९९३ मध्ये मुंबईत आणि दुसरे १९९६ मध्ये चेन्नईत सुरू झाले. अशा यंत्रातील कॅमेरा पाकिटावरील पिनकोड वाचतो आणि पाकीट त्या गावाच्या कप्प्यात सोडतो. अंक अस्पष्ट असल्यास कर्मचाऱ्याची मदत घ्यावी लागते. त्यामुळे संगणकाने छापलेल्या, एकसारख्या पत्त्यांच्या व्यावसायिक टपालाला या यंत्रांचा अधिक लाभ होतो.

तेरा स्थानांचा क्रमांक

मागोव्यासाठी जागतिक टपाल संघाने ठरवलेला तेरा स्थानांचा क्रमांक वापरला जातो. त्यात सेवेची दोन अक्षरे, आठ अनुक्रमांक, एक पडताळणी अंक आणि देशाची दोन अक्षरे असतात. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ व ७ ने गुणून बेरीज करतात. बेरजेस ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा केली की पडताळणी अंक मिळतो. उत्तर १० आल्यास ० आणि ११ आल्यास ५ घेतात. उदाहरणार्थ, १२३४५६७८ या अनुक्रमांकाची बेरीज २०४, बाकी ६ आणि पडताळणी अंक ५ येतो. टंकलेखनात एखादा अंक चुकल्यास संगणक तो क्रमांक नाकारतो.

मोठ्या ग्राहकांना टपाल खाते क्रमांकांची मालिका देते. ते स्वतः बारकोड छापून पाकिटांवर लावतात आणि पत्त्यांची यादी संगणकीय स्वरूपात सादर करतात. त्यामुळे खिडकीवर प्रत्येक पाकिटाची माहिती नव्याने भरावी लागत नाही.

अमेरिकेत वर्गवारी आणि मागोवा ही दोन्ही कामे एकाच बारकोडवर सोपवण्यात आली आहेत. तेथील ६५ रेघांच्या बारकोडमध्ये ३१ अंकांपर्यंत माहिती मावते. २८ जानेवारी २०१३ पासून जुन्या बारकोडवरील सवलत बंद झाली आणि व्यावसायिक टपालाला नवा बारकोड स्वीकारावा लागला.

नोंदणीकृत टपालाचे विलीनीकरण

भारतात १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ पासून सुरू आहे. नोंदणी मात्र रद्द झालेली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून पाच रुपये व वस्तू आणि सेवा कर भरून ती जोडसेवा म्हणून घेता येते. अशी वस्तू पत्त्यावरील व्यक्तीलाच किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीला दिली जाते.

कायदेशीर नोटिशींच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ नुसार, योग्य पत्ता लिहून व टपालखर्च भरून नोंदणीकृत टपालाने पाठवलेला दस्तऐवज, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, बजावला गेल्याचे मानले जाते.

बारकोड पाकिटाचा प्रवास दाखवतो, चुकीचा पत्ता दुरुस्त करत नाही. साध्या टपालाने पाठवलेल्या पत्राला असा क्रमांक नसल्याने ते गहाळ झाल्यास त्याचा माग काढता येत नाही. म्हणून महत्त्वाचे टपाल पाठवताना अचूक पिनकोड आणि पावतीवरील तेरा स्थानांचा क्रमांक, दोन्ही जपणे आवश्यक ठरते.