थांबण्याचा इतिहास

इतिहास लिहिणाऱ्यांचं एक मला कधीच पटलं नाही. जो धावला त्याचं नाव ते ठळक अक्षरांत छापतात. जो वेळेवर थांबला त्याला तळटीपसुद्धा मिळत नाही. वाफेच्या इंजिनाचं नाव काढा, शाळेतलं पोरगंही जेम्स वॅटची किटली उकळायला ठेवेल. पण सुटलेली गाडी थांबवायची कशी याची काळजी कुणी वाहिली, हे मास्तरांना विचारून पाहा. मास्तर तुम्हालाच बाकावर उभं करतील.

मीही या भानगडीत पडलो नसतो. पण आमच्या घरी एक फियाट होती.

फियाट म्हणायची आपली पद्धत; कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना थाटला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक जमली. पन्नाशीच्या दशकात आलेल्या ११०० मॉडेलचं लोकांनी 'डुक्कर फियाट' असं बारसं केलं. पुढे १९७४ साली तिच्या धाकट्या बहिणीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. एकाच घराण्यात डुक्कर आणि पद्मिनी! नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणजे या गाडीच्या बाबतीत थांबणं हे गाडी यायच्या आधीच सुरू व्हायचं.

बाबांनी १९९१ साली सेकंडहँड पद्मिनी घेतली आणि मुलुंडला सोसायटीत आणून उभी केली. त्यांनी तिची फार निगा राखली. म्हणजे दर रविवारी पॉलिश, सीटला नवी कव्हरं, डॅशबोर्डवर गणपती आणि हॉर्न असा खणखणीत की भांडुपचा माणूस बाजूला व्हावा. ब्रेक जरा खाली लागायचा. एकदा दाबून भागत नसे. दोनदा-तीनदा पंपिंग मारलं की मग लागे. "सवयीचा प्रश्न आहे," बाबा म्हणत. जी गोष्ट दिसत नाही तिच्यावर खर्च करायचा नाही, हा मध्यमवर्गीय हिशेब. पॉलिश शेजाऱ्यांना दिसतं, ब्रेक कुणाला दिसतो?

१९९२ च्या जुलैत आम्ही घाटकोपरहून परतत होतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर कांजूरपाशी गुडघाभर पाणी. गाडी बंद न पाडता बाबांनी ते पार केलं आणि विजयी मुद्रेनं आईकडे पाहिलं. तेवढ्यात समोर दप्तर डोक्यावर धरलेला एक शाळकरी पोरगा रस्त्यात उतरला. बाबांनी ब्रेक दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पेडल थेट फळीला टेकलं. त्यांनी स्टिअरिंगजवळचा गिअर खेचून खालच्यात टाकला, इंजिन किंचाळलं आणि गाडी त्या पोराच्या दप्तरापासून दीड हातावर थांबली. पोरगा आमच्याकडे बघून हसला आणि निघून गेला. बाबा पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसले होते. खणखणीत हॉर्न वाजवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी चाकं उतरवली आणि निकाल दिला, "साहेब, गाडीचं तोंड चकाचक, पोट खराब." पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रमच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या, त्यांना लायनर. पेडल दाबलं की त्या फाकून ड्रमला आतून घासतात. ड्रममध्ये पाणी गेलं की लायनर नुसते घसरतात. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक हलका दाबून ते सुकवायचे असतात. बाबा त्या वेळी विजयी मुद्रेत होते. वर एका चाकाच्या सिलिंडरचं रबर गेलेलं, तेल गळत होतं. जुन्या गाड्यांत चारही चाकांची तेलाची वाट एकच असे. एका चाकानं काम सोडलं की चारही संपावर. नंतरच्या गाड्यांत वाटा दोन केल्या. निम्मे संपावर गेले तरी निम्मे कामावर राहतात.

तेल कशाला, असं मी विचारलं. त्याचं उत्तर मला फार वर्षांनी पुस्तकांत मिळालं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही जर्मन गृहिणी नवऱ्यानं बनवलेली मोटार नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना घेऊन शंभरेक किलोमीटर दूर माहेरी घेऊन गेली. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तिनं चांभार गाठून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या ब्रेकचं पहिलं लायनर ते हेच, असं मानतात. इंजिन नवऱ्याचं, थांबण्याची अक्कल बायकोची. हे आमच्याकडेही तसंच आहे. पुढे अमेरिकेत माल्कम लॉकहीडनं १९१७ साली तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना बसला. बंद नळीतल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. आणि हा लॉकहीड म्हणजे भावाबरोबर विमान कंपनी काढणारा! उडायची घाई असलेल्यालाच थांबायचं महत्त्व कळलं.

मात्र त्या तेलात हवा शिरली की सगळं मुसळ केरात. तेल दबत नाही, हवा दबते. पाय दाबतो तो नुसत्या बुडबुड्यांना. म्हणून हवा काढायची. मिस्त्री सर्वांत लांबच्या चाकाखाली, पेडलवर आई.

"दाबा वहिनी! दाबा! आता धरून ठेवा!"

मिस्त्री निपल सैल करत, नळीतून बाटलीत बुडबुडे येत, ते पुन्हा आवळत.

"सोडा!"

तासभर हे चाललं. लग्नानंतर इतका वेळ आपल्या दाबाला कुणी मान दिला नव्हता, असं आई अजून सांगते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ड्रम उघडला की मिस्त्री आतली काळी धूळ तोंडानं फू करून उडवत आणि मी शेजारी उकिडवा बसून बघत असे. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. उष्णता सोसतं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभर ते वापरलं गेलं. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात आणि दुखणं कित्येक वर्षांनी वर येतं. आज विनाअॅस्बेस्टॉस लायनर मिळतात, आणि ती धूळ फुंकायची नसते, ओल्या फडक्यानं टिपायची असते. मिस्त्री नेहमी खोकत. "पावसाळा आहे," म्हणत. उन्हाळ्यातही तेच म्हणत. आम्ही थांबावं म्हणून ते काय श्वासात घेत होते, याचा हिशेब आमच्या कुठल्याच वहीत नाही.

कुर्ल्याचा कारखाना गेला. त्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सीही उरली नाही. लोकांनी हळहळून फोटो काढले. ब्रेकचा फोटो कुणी काढला नाही.

आमची पद्मिनीही कधीच गेली. माझ्या गाडीला एबीएस आहे, कॉम्प्युटर आहे. बाबा शेजारी बसतात आणि सिग्नल दिसला की उजवा पाय रिकाम्या फळीवर जोरात दाबतात. त्या ब्रेकमध्ये कधी हवा शिरत नाही. परवा असंच दाबता दाबता त्यांनी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंस? ते हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांत बदलायचं असतं."

"बघतो," मी म्हणालो.

"पॉलिश छान झालंय हो," बाबा म्हणाले.

मी गाडी गॅरेजकडे वळवली.